परागकण, गाजर गवत आणि डीएनएची नवी पारख

(सौंसर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पोळा सरला, पांढुर्ण्याची गोटमार आटोपली आणि जाम नदीच्या काठची गर्दी पांगली, की या भागात एका निराळ्या त्रासाचा हंगाम सुरू होतो. सकाळी अंथरुणातून उठताच कोणाला एकामागून एक शिंका येऊ लागतात. कोणाचे डोळे लाल होऊन पाझरतात. कपाशी निंदून घरी आलेल्या बाईच्या मानेला आणि कोपराच्या लवणीला आग सुटते. रात्री ओसरीवर निजलेल्या एखाद्या वृद्धाच्या छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागतो. घरात त्यावर चर्चा होते. हवा बदलली, ओल बाधली, धूळ लागली, असा निर्णय होतो. औषधाच्या दुकानातून एक गोळी आणली जाते. थंडी पडू लागली की त्रास ओसरतो आणि तो विसरला जातो. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच माणसाला, तोच त्रास पुन्हा होतो.

पंचांग पाहून यावी तशी दर वर्षी ठरल्या वेळी येणारी सर्दी ही बहुधा सर्दी नसते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तीत ताप येऊ शकतो, अंग मोडून येते आणि आठवडाभरात ती बरी होते. येथे ताप नसतो, परंतु शिंका, डोळ्यांची खाज आणि नाकातून पाण्यासारखा स्राव आठवडेच्या आठवडे चालू राहतो. या विकाराला ॲलर्जी म्हणतात. मराठी परिभाषेत तिला अधिहृषता असा शब्द आहे. तिचे एक मोठे कारण म्हणजे वनस्पतींचे परागकण. कोणत्या वनस्पतीचा पराग कोणाला बाधतो हे नेमके ओळखणे हाच या विकाराच्या निवारणातील सर्वांत अवघड भाग असून, त्यासाठी अलीकडे डीएनएचेच एक साधन घडविले जात आहे. त्या साधनाचा परिचय करून देणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

या विकाराचा शोध फार जुना नाही. लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या अशा त्रासाचे वर्णन प्रसिद्ध केले, परंतु त्याचे कारण त्यांना उमगले नाही. मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी ते कारण शोधले. त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात घातले, त्वचेवर ओरखडा काढून त्यावर चोळले, आणि हवेत पराग किती उंचीपर्यंत असतात हे पाहण्यासाठी पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून तो आकाशात उडविला. १८७३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पतंग उडविणारा हा वैद्य त्या काळी अनेकांना विक्षिप्त वाटला असेल; पण आज दवाखान्यात त्वचेवर थेंब टाकून जी चाचणी करतात तिचे मूळ ब्लॅकली यांच्या त्या ओरखड्यात आहे. ॲलर्जी हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. शरीरातील जो प्रतिपिंड या साऱ्या गोंधळाला कारण होतो, त्या इम्युनोग्लोब्युलिन ई अर्थात आयजीईचा शोध १९६६ व १९६७ या वर्षांत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे लावला.

शरीरात घडते ते असे. परागकणात अनेक प्रथिने असतात. त्यांपैकी एखादे प्रथिन काही माणसांच्या शरीराला शत्रू वाटते. वास्तविक ते निरुपद्रवी असते. पण एकदा गैरसमज झाला की शरीर त्या प्रथिनासाठी खास आयजीई तयार करते आणि हे प्रतिपिंड नाक, डोळे व श्वासनलिका यांच्या अस्तरातील मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर टाकतात. शिंका, पाणी, खाज, सूज आणि दमा हे सर्व त्यांचे परिणाम होत. म्हणजे दोषी संपूर्ण परागकण नसून त्यातील एखादे विशिष्ट प्रथिन असते. पुढील विवेचन समजण्यासाठी एवढे ध्यानात असलेले पुरे.

आता सौंसर व पांढुर्णा या भागात संशय कोणाकोणावर घ्यावा, हे पाहू. हा संत्र्यांचा मुलूख. आंबिया बहार फुलतो तेव्हा बागेवरून येणारा वारा सुगंधाने भरलेला असतो, आणि त्या दिवसांत शिंका आल्या की पुष्कळ लोक संत्र्याच्या फुलोऱ्याला बोल लावतात. बहुतेक वेळा हा आरोप खोटा असतो. संत्र्याचा पराग चिकट व जड असून तो मधमाशा व इतर कीटकांमार्फत वाहिला जातो. वाऱ्यावर तो दूर जात नाही. कपाशीचा परागही मोठा, काटेरी आणि जड असतो. जी फुले सुंदर व सुवासिक असतात ती कीटकांना बोलावण्यासाठी नटलेली असतात, आणि त्यांचा पराग सहसा हवेत भटकत नाही. उपद्रव होतो तो ज्यांच्या फुलांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही अशा वनस्पतींचा. हरळी, कुंदा, लव्हाळा, माठ व काटेमाठ, चाकवत, एरंडी आणि ज्वारी-मका यांसारखी तृणधान्ये ही वाऱ्यावर पराग सोडणारी मंडळी आहेत. आणि या सर्वांच्या जोडीला धुऱ्यावर, पांदणीत, उकिरड्याजवळ, शाळेच्या मैदानाच्या कडेला आणि रेल्वेमार्गाच्या भरावावर पांढऱ्या बारीक फुलांनी डवरलेले गाजर गवत उभे असते.

या तणाचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पाने गाजरासारखी म्हणून गाजर गवत. काँग्रेस गवत या नावानेही ते महाराष्ट्रात परिचित आहे. मूळचे ते अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातले. आर. एस. राव यांना १९५५ मध्ये ते पुण्यात आढळले आणि १९५६ मध्ये त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुण्याच्या उकिरड्यावरून निघालेले हे तण पुढे जवळजवळ साऱ्या देशात पसरले. एक झाड हजारोंच्या संख्येने बी टाकते, ते बी वाऱ्याने, पाण्याने, बैलगाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलाने आणि शेणखतातून सर्वत्र जाते. जेथे जमीन उकरली गेली तेथे ते प्रथम उगवते. परागाचे प्रमाण तर थक्क करणारे आहे. कंचन व जयचंद्र या संशोधकांनी १९८० च्या सुमारास केलेल्या मोजणीत एका झाडापासून सरासरी ६२ कोटींहून अधिक परागकण निघतात असे आढळले. हेच पराग मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या फुलांतील कुक्षीवर जाऊन बसले तर फळधारणा घटते, असेही त्यांना दिसून आले. म्हणजे ज्या शेतकऱ्याला शिंक येत नाही त्याचेही नुकसान व्हावयाचे ते होतेच.

गाजर गवत माणसाला दोन वेगवेगळ्या वाटांनी बाधते आणि या दोहोंची नेहमी गल्लत होते. एक वाट त्वचेची. या वनस्पतीच्या पानांवरील व खोडावरील सूक्ष्म केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते प्रथिन नव्हे. तो एक लहान रेणू आहे. वाळलेल्या गवताची धूळ उडून तो चेहरा, पापण्या, मान व हातांच्या लवणी येथे बसतो आणि संवेदनशील माणसाला दोनएक दिवसांनी इसबासारखा दाह होतो. यात आयजीईचा मुख्य वाटा नसतो. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी मिचेल व काल्नन या परदेशी तज्ज्ञांच्या सहकार्याने या त्वचारोगाची सविस्तर माहिती १९७४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दुसरी वाट श्वासाची. ती परागातील प्रथिनामुळे असते, मिनिटांत सुरू होते आणि तिच्यात आयजीई हाच कर्ता असतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. पी. व्ही. सुब्बाराव व त्यांचे सहकारी यांनी या दुसऱ्या वाटेचा दीर्घकाळ अभ्यास केला. गाजर गवताचा पराग आणि अमेरिकेतील रॅगवीड या तणाचा पराग यांच्यात शरीराला साम्य दिसते, एकाची ॲलर्जी असणारा दुसऱ्यालाही प्रतिसाद देऊ शकतो, हे त्यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखविले. १९९६ मध्ये या परागातील मुख्य दोषी प्रथिनही ओळखले गेले. शर्करेची जोड असलेल्या या प्रथिनाचे वजन सुमारे ३१ हजार डाल्टन असून त्याला पार एच १ असे नाव आहे. चोराचे नाव, गाव आणि अंगकाठी कळली, असा याचा अर्थ. तो अमुक दिवशी अमुक शिवारात होता की नाही, हे कळायचे मात्र राहिले.

हवेतील पराग मोजण्याची रूढ पद्धत सूक्ष्मदर्शकाची आहे. हवा ओढून घेणारे यंत्र उंच जागी बसवितात. त्यातील चिकट पट्टीवर कण येऊन बसतात. मग ती पट्टी रंगवून तज्ज्ञ एकेक कण ओळखतो व मोजतो. बर्कार्ड नावाचे यंत्र मिनिटाला १० लिटर हवा ओढते आणि आठवडाभर चालते. मराठी भाषकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या शास्त्राची एक मोठी शाळा मराठवाड्यात उभी राहिली. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी विजेवर चालणारे स्वदेशी यंत्र तयार केले. ते टिळक एअर सॅम्पलर या नावाने ओळखले जाते. भारतीय वायुजीवशास्त्र संस्था १९८० मध्ये स्थापन झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता.

ही पद्धत विश्वसनीय आहे, पण तिला तीन मर्यादा आहेत. तज्ज्ञ माणूस लागतो आणि तो तालुक्याच्या गावी मिळत नाही. अनेक गवतांचे पराग दिसावयास इतके सारखे असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जात सांगता येत नाही. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. सूक्ष्मदर्शक कण मोजतो, प्रथिन मोजत नाही. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरावर वादळी पाऊस झाला आणि काही तासांत हजारो लोक धाप लागून रुग्णालयांत धावले. १० जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी कित्येकांना पूर्वी दमा असल्याचे निदानही झालेले नव्हते. ओलावा व वादळ यांमुळे गवताचे परागकण फुटले आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण प्रथिनासह हवेत पसरले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अख्खा परागकण नाकातच अडकतो. फुटलेल्या परागाची धूळ थेट फुप्फुसात उतरते. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पराग शोधणाऱ्या माणसाला त्या दिवशी कदाचित कमीच पराग दिसले असते! यास्तव प्रथिनालाच ओळखणारी पारख हवी.

अशी एक पारख आधीपासून आहे. प्राण्याच्या शरीरात प्रथिन टोचून त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करावयाचे आणि ते चाचणीत वापरावयाचे. मात्र प्रतिपिंड हे स्वतःच प्रथिन असल्यामुळे ते शीतपेटीत जपावे लागतात. मे महिन्यातील सौंसरच्या उन्हात त्यांचा टिकाव लागणे कठीण. शिवाय एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळेलच असे नसते.

येथे डीएनए उपयोगी पडतो. डीएनए म्हटले की आनुवंशिकता आठवते. आईबापांचे गुण मुलांत उतरविणारा तो रेणू. त्याच्या दोन साखळ्या एकमेकींना पीळ देऊन असतात हे शाळेच्या पुस्तकात असतेच. मात्र त्यातील एकच साखळी घेतली आणि ती आखूड असली, तर ती सरळ राहत नाही. ती स्वतःभोवतीच गुंडाळते, तिच्यावर गाठी, फासे आणि खळगे तयार होतात. अक्षरांचा क्रम बदलला की घडी बदलते. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन ही चारच अक्षरे. परंतु ४० अक्षरांची साखळी घेतली तर एकावर २४ शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येइतके तिचे निरनिराळे क्रम संभवतात. इतक्या आकारांत एखादा तरी आकार असा असणारच की जो विशिष्ट प्रथिनाच्या एखाद्या खाचेत चपखल बसेल. असा जुळणारा तुकडा म्हणजे ॲप्टामर. लॅटिन भाषेतील जुळणारा या अर्थाच्या शब्दावरून हे नाव घेतले आहे.

तो जुळणारा तुकडा शोधावयाचा कसा, हे १९९० मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखविले. कोलोराडो विद्यापीठातील क्रेग टर्क व लॅरी गोल्ड हा एक गट; बोस्टनमधील अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टाक हा दुसरा. त्यांनी प्रथम आरएनए हा डीएनएचा भाऊबंद वापरला. १९९२ पासून डीएनएचे ॲप्टामरही तयार होऊ लागले. ही रीत शेतकऱ्याला नवी वाटू नये. चांगल्या ज्वारीचे बियाणे तो कसे राखतो? साऱ्या शेतातून भरदार कणसे निवडतो, बाकीची खाण्याला ठेवतो. निवडलेले बी पुढच्या वर्षी पेरतो, पुन्हा निवडतो. चार-सहा हंगामांनी त्याचे बियाणे शेजाऱ्याच्या बियाण्याहून वेगळे उठून दिसते. प्रयोगशाळेत हेच नळीत केले जाते. यंत्राने वाटेल त्या क्रमाचे डीएनएचे तुकडे बनवितात. एका नळीत एकावर १४-१५ शून्ये इतके वेगवेगळे तुकडे असतात. ती नळी शुद्ध केलेल्या प्रथिनावर ओततात. बहुतेक तुकडे चिकटत नाहीत, ते धुऊन टाकतात. जे थोडे चिकटले ते सोडवून घेतात आणि कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर या प्रतिलेखन पद्धतीने त्यांच्या कोट्यवधी प्रती काढतात. ही झाली एका हंगामाची पेरणी व कापणी. अशा आठ-दहा किंवा अधिक फेऱ्या केल्या, प्रत्येक वेळी धुणे अधिक कडक केले, की शेवटी मोजकीच, घट्ट चिकटणारी वाणे उरतात.

यात भेसळ काढण्याची एक फेरी असते आणि आपल्या विषयात तिचे महत्त्व फार. गाजर गवताच्या प्रथिनासाठी ॲप्टामर निवडावयाचा असेल, तर मधूनमधून ती नळी ज्वारीच्या, सूर्यफुलाच्या, झेंडूच्या परागाच्या अर्कावरून न्यावी लागेल, आणि त्या अर्काला जे तुकडे चिकटतील ते फेकून द्यावे लागतील. सूर्यफूल, झेंडू आणि गाजर गवत ही एकाच कुळातील भावंडे आहेत. भावाला पाहून चोर समजणारा शिपाई उपयोगाचा नाही.

एकदा क्रम सापडला की तो कागदावर लिहिता येतो. चाळीस-पन्नास अक्षरांची ती ओळ नागपूरला पाठवा वा नागासाकीला; जेथे डीएनए जोडण्याचे यंत्र आहे तेथे तोच ॲप्टामर हुबेहूब तयार होतो. प्राणी लागत नाही. उष्णतेने त्याची घडी मोडली तरी थंड झाल्यावर योग्य द्रावणात ती पुन्हा बसते, आणि कोरडा ठेवल्यास तो बराच काळ टिकतो. ज्या दवाखान्यात वीज जाते-येते तेथे या गुणाची किंमत वेगळी सांगावयास नको.

परागासाठी हे कोणी केले आहे काय? होय, जपानने. तेथील सुगी वृक्षाची, म्हणजे जपानी सीडरची कथा गाजर गवताच्या कथेची आठवण करून देणारी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी जपानने डोंगरच्या डोंगर सुगीने भरून टाकले. झाडे वयात आली आणि वसंत ऋतूत पिवळ्या परागाचे ढग शहरांवर येऊ लागले. सुगीच्या ॲलर्जीचे पहिले वर्णन १९६४ मध्ये निक्को या गावातून प्रसिद्ध झाले. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत जवळजवळ ३९ टक्के लोकांना हा विकार असल्याचे आढळले, आणि २०२३ मध्ये तेथील शासनाला सुगीची लागवड दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटविण्याचे धोरण जाहीर करावे लागले. तण असो की शासनाने हौसेने लावलेला वृक्ष असो, पराग भेद करीत नाही. या परागात क्राय जे १ आणि क्राय जे २ ही दोन प्रमुख दोषी प्रथिने आहेत. त्यांपैकी क्राय जे २ ला पकडणारे डीएनए ॲप्टामर टोकियो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातील प्रा. इकेबुकुरो यांच्या गटाने निवडले आणि २०१५ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. संवेदक उपकरणात वापरता यावे हाच त्यामागील उद्देश होता. भुईमुगातील आणि गव्हातील ग्लूटेन या ॲलर्जीकारक व त्रासदायक प्रथिनांसाठीही ॲप्टामर तयार झालेले आहेत. विशेष म्हणजे रुग्णाच्या बाजूच्या आयजीई या प्रतिपिंडाला पकडणारा डीएनए ॲप्टामर १९९६ पासून ठाऊक आहे. म्हणजे हवेतील आरोपी आणि रक्तातील साक्षीदार या दोघांनाही एकाच जातीच्या साधनाने गाठता येते.

ॲप्टामरला प्रथिन सापडले हे डोळ्यांना कळावे कसे, याच्या अनेक युक्त्या आहेत. त्यांतली एक सोन्याची आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असले की द्रावण लाल दिसते. ते एकमेकांना चिकटले की निळे-जांभळे होते. ॲप्टामर त्या कणांवर पांघरुणासारखा बसला तर मीठ घातले तरी कण वेगळे राहतात. दोषी प्रथिन आले की ॲप्टामर सोने सोडून त्याच्याकडे जातो, पांघरूण निघते, आणि लाल द्रावण निळे होते. रंग ओळखावयास पदवी लागत नाही.

गाजर गवताची पट्टी आज सौंसरच्या औषध दुकानात मागितली तर मिळणार नाही. पार एच १ हे शर्करायुक्त प्रथिन असून त्याच्यासारखी प्रथिने रॅगवीड व त्याच्या कुळातील इतर वनस्पतींतही आढळतात. तेव्हा नेमका ॲप्टामर निवडणे कष्टाचे आहे. हवेच्या नमुन्यात धूळ, धूर, बुरशी व क्षार असतात आणि त्यांनी ॲप्टामरची घडी बिघडू शकते. नळीतला यश आणि पांदणीतला यश यांत पुष्कळ अंतर असते. परंतु अडचण ज्ञानाची राहिलेली नाही. प्रथिन ठाऊक आहे, रीत ठाऊक आहे, आणि फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटसारख्या भारतीय संस्थेत क्षयरोगाच्या निदानासाठी ॲप्टामरवर कामही झाले आहे. गाजर गवताचे नाव कामाच्या यादीत वर येण्यासाठी त्याच्या उपद्रवाची गावोगावची नोंद हवी, आणि ती नोंद प्रयोगशाळेत होत नाही.

ती शाळेत होऊ शकते. शिक्षकांनी एक साधी वही घालावी. गावच्या शिवारात कोणते गवत, कोणते झुडूप कोणत्या आठवड्यात फुलले, पाऊस केव्हा पडला, आणि त्या आठवड्यात किती मुलांना शिंका वा धाप यांमुळे घरी राहावे लागले, एवढेच लिहावे. मुलांची नावे लिहू नयेत, संख्या पुरे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या की कोणत्या फुलोऱ्याबरोबर त्रास चढतो आणि कोणत्याबरोबर उतरतो ते दिसू लागेल. आरोग्य कर्मचाऱ्यांनीही ऋतूप्रमाणे येणाऱ्या सर्दीची व दम्याची वेगळी नोंद ठेवावी. रुग्णाला नागपूर किंवा छिंदवाड्याच्या तज्ज्ञाकडे पाठविताना, त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो व कोठे गेले असता वाढतो, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. त्वचेवरील चाचणीत कोणते अर्क वापरावयाचे हे डॉक्टरांना त्यावरून ठरविता येते. धाप लागणाऱ्या माणसाला मात्र ऋतू संपण्याची वाट पाहत घरी ठेवू नये. दम्यावर ओढून घेण्याची औषधे परिणामकारक आहेत. ती घेतल्याने सवय लागते हा समज चुकीचा असून तो अनेकांना महागात पडला आहे.

गवताचा बंदोबस्त तर आजही करता येतो. कर्नाटकाने १९७५ मध्येच कायद्याखाली हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केले. १९८४ मध्ये बंगळूर येथे मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा नावाचे भुंगेरे त्यावर सोडण्यात आले. ते पावसाळ्यात पाने खाऊन झाडे खुरटवितात. जबलपूरचे तण संशोधन निदेशालय दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. या भागातील लोकांना तरोट्याची भाजी चांगली ठाऊक आहे. तोच तरोटा पडीक जागेत दाट वाढू दिला तर गाजर गवताला दाबून टाकतो. खाण्याजोगे तण न खाण्याजोग्या तणाला हटविते, हा सौदा वाईट नाही. उपटावयाचे ते फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडके हवे. काम संपताच साबणाने हातपाय धुवावे व कपडे वेगळे ठेवावे. ज्याला आधीच इसब किंवा दमा आहे त्याला या कामावर पाठवू नये. फुलोऱ्यापूर्वीचे गवत खड्ड्यात कुजवून खत होते. फुललेले गवत खतात टाकले तर बी शेतात परत येते, आणि वाळलेले पेटविले तर धुराचा त्रास वेगळाच.

पेरणी व निंदणाच्या धांदलीत या कामाला हात कोठून आणावयाचे, हा प्रश्न ग्रामस्थ विचारतील आणि तो रास्त आहे. मजुरीवर गेलेली बाई स्वतःच्या घरामागचे गवत उपटण्यासाठी दिवस मोडू शकत नाही. यास्तव शाळा, अंगणवाडी, पाणवठा आणि बाजाराची जागा एवढ्या चार ठिकाणांची सफाई ग्रामपंचायतीने आपल्या खर्चाने करावी, आणि ती ऑगस्ट उजाडण्याच्या आधी, गवत गुडघ्याएवढे असताना उरकावी. पोळ्याला बैल सजवून निघतात तेव्हा त्याला फुले आलेली असतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.